कांचेच्या हौदांतलें शेवाळ

अमरकोशाच्या वारिवर्गांत शैवालाला 'जलनीली' असें एक गोड नांव दिलेलें आहे. कोश पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास तें लौकर पाठ होतें आणि पुढें तितक्याच लौकर विसरतें. कारण व्यवहारांत शेवाळ हा शब्द आपण बहुधा कांहीं घासून काढावयाचें असेल तेव्हांच उच्चारतों. न्हाणीघराच्या फरशीवर शेवाळ, टाकीच्या तळाशीं शेवाळ, पाय घसरला तोहि शेवाळावरून! तळ्याच्या पाण्याखालीं झुलणाऱ्या लांब हिरव्या पाती, देठाभोंवतीं गोल मांडलेल्या बारीक पानांच्या माळा, आणि दगडावरचा बुळबुळीत लेप, या तिहींना मिळून आपण एकच नांव देऊन मोकळे झालों आहों. वास्तविक पहिल्या दोन खऱ्या सपुष्प वनस्पति आहेत, त्यांना पान आहे, फूल आहे, बीं आहे. तिसऱ्याचें कूळच निराळें. हा भेद आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं समजला, आणि तोहि पुस्तकांतून नव्हे, तर आमच्या वडील बंधूंच्या एका हट्टामुळें.

आमचें एकत्र कुटुंब नगरास सावेडीच्या बाजूला राहतें. शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी घरांत बोलतांना अद्याप 'नगर'च तोंडांत येतें. वडील बंधूंना सारें घर 'दादा' म्हणतें. गेल्या वर्षीं श्रावणांत माजघराच्या उंबऱ्यापाशीं तोल जाऊन ते पडले आणि खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, हाड बसलें. पण माणूस उठेना. एक्याऐंशी वर्षांचें वय. भिंतीकडे तोंड करून पडावें, दोन घांस घेऊन ताट सारावें, कोणी बोलावयास बसलें तर डोळे मिटून घ्यावे, असें चाललें. व्यायाम शिकवावयास येणारा मुलगा म्हणे, "काका, यांनीं मनावर घेतलें तर चालतील." पण मनावर घेणें ही कांहीं औषधाच्या दुकानांत मिळणारी वस्तु नव्हे.

दादांचा नातू सातवींत आहे. वाढदिवसाचे व ओंवाळणीचे पैसे सांठवून त्यानें माशांचा एक कांचेचा हौद घेतला होता. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे हिशेबानें सव्वाशें लिटरांहून थोडें अधिक पाणी. आंत गप्पी, मॉली आणि तलवारीसारख्या शेपटीचे तांबडे मासे. पाणी २६ अंशांवर ठेवणारी विजेची कांडी. आणि शोभेसाठीं प्लॅस्टिकचीं जांभळीं-हिरवीं झुडपें. आजोबांना करमावें म्हणून त्यानें तो हौद आपण होऊन त्यांच्या खोलींत हलविला. दादांनीं दोन दिवस त्याकडे पाहिलें न पाहिलें केलें. तिसऱ्या दिवशीं आम्हांस हांक मारून म्हणाले, "मास्तर, त्या बिचाऱ्यांना हें खोटें रान कशाला? आपल्या तळ्यांतलें शेवाळ आणून लावा."

पडल्यापासून त्यांनीं स्वतः होऊन मागितलेली ही पहिलीच वस्तु होती. त्यामुळें आणावयाचें हें आमच्या मनानें तेथल्या तेथें ठरविलें. परंतु घरांत दोन पक्ष झाले. सूनबाई म्हणाल्या, "काका, तळ्यांतलें म्हणजे जळवा आल्या, डांसांच्या अळ्या आल्या. आजाऱ्याच्या खोलींत तें नको." नातवाचें म्हणणें याहून करुण होतें. "आबा, माझे मासे मरतील," एवढेंच तो म्हणाला, आणि उठून गेला. दोघांचेंहि म्हणणें निराधार नव्हतें, आणि दादांचेंहि टाळण्याजोगें नव्हतें.

आमचें मूळ गांव श्रीगोंदें तालुक्यांत, इंग्रजी अमदानींत हंगा नदीवर बांधलेल्या विसापूरच्या तलावापासून फार दूर नाहीं. गांवाला स्वतःचें एक लहानसें तळें आहे. अवर्षणाचा मुलूख, पावसाळा बरा झाला तर माघापर्यंत पाणी, नाहीं तर मार्गशीर्षांतच तळ उघडा. १९७२ च्या दुष्काळांत तें तळापासून आटलें, भेगा पडल्या, दुष्काळी कामावर लोकांनीं त्यांतला गाळ उपसला. आम्ही तेव्हां तेरा वर्षांचे होतों आणि दादा अठ्ठावीस वर्षांचे. हजेरीच्या कामावर तेहि होते. पुढल्या वर्षीं पाऊस झाला, तळें भरलें, आणि दिवाळीच्या सुमारास पाण्याखालीं पूर्वींचेंच शेवाळ पूर्वींसारखें झुलूं लागलें. तें कोणीं लावलें, हा प्रश्न आम्हीं विचारला तेव्हां दादांनीं दिलेलें उत्तर आम्हांस आठवतें: "लावतो कोण? जमिनींत होतें."

आतां वाचून पाहतां दादांचें उत्तर बरेंचसें बरोबर निघतें. या शेवाळांत जी हायड्रिला नांवाची वनस्पति असते ती चिखलांत बोटाच्या पेराहूनहि लहान असे कंद सोडते. वरचा सारा हिरवा भाग नष्ट झाला तरी ओल धरून राहिलेल्या गाळांत ते कंद निजून राहतात, आणि पाणी आलें कीं फुटतात. कांहीं तुकडे पाणपक्ष्यांच्या पायांबरोबर दुसऱ्या तळ्यांतूनहि आले असतील. पण दुष्काळाच्या मागून तें हिरवें पाहिलेल्या माणसाला त्याची अपूर्वाई प्लॅस्टिकवर कशी भागणार?

मासे पाळणाऱ्यांचे इंग्रजी ग्रंथ नातवानें आम्हांस दाखविले. त्यांत बाहेरच्या तळ्यांतल्या वनस्पति घरांतल्या उबदार पाण्यांत घालूं नयेत असा उपदेश पुष्कळ ठिकाणीं आढळला. त्याचें कारण समजून घेतल्यावाचून तो उपदेश येथें लागू करणें म्हणजे विलायतेंतल्या थंडीचे कपडे वैशाखांत घालण्यासारखें आहे. तिकडच्या तळ्यांवर हिवाळ्यांत बर्फ धरतें. तेथल्या वनस्पतींना वर्षांतून कांहीं महिने झोंप लागते, आणि बारा महिने २६ अंशांच्या पाण्यांत ठेवल्यास ती झोंप न मिळून त्या खंगत जातात. आमच्या तळ्याला असली झोंप ठाऊक नाहीं. येथील हिवाळ्यांत रात्रीं हवा दहा अंशांच्या खालीं उतरते खरी, पण दिवसां ऊन असतें, आणि उन्हाळ्यांत तर तळें त्या विजेच्या कांडीपेक्षांहि अधिक तापतें. तेव्हां उष्णतेची अडचण आम्हांस नव्हतीच. अडचण उजेडाची होती, आणि त्याहून अधिक तळ्यांतून न बोलावतां येणाऱ्या पाहुण्यांची.

कार्तिकांत, पाणी निवळल्यावर, आम्ही व नातू दौंडच्या रस्त्यानें गांवीं गेलों. बरोबर झांकणाच्या दोन बादल्या होत्या. प्रथम तळ्याला पाणी कोठून येतें तें पाहिलें. एका अंगाला कांद्याचीं शेतें आहेत. त्यांवर औषधें फवारतात आणि त्यांचा निचरा त्या काठाला उतरतो. म्हणून दुसरा, माळाकडचा कांठ पसंत केला. ज्यांत बेडूकमासे व बारीक मासळी खेळत आहे तें पाणी त्यांतल्या त्यांत विश्वासाचें, असा साधा नियम ठेवला.

कमळ, कुमुद यांकडे नातवाचें मन फार ओढत होतें. परंतु कुमुदाला आकाशाखालचें कांहीं तासांचें ऊन लागतें. तें दिव्याखालीं ठेवल्यास देठ उंच उंच वाढवून पाण्यावर पान पसरतें, खालीं अंधार करतें, आणि शेवटीं आपणहि कुजतें. अमरकोशांत जिला वारिपर्णी व कुंभिका म्हटलें आहे ती पाण्यावर तरंगणारी, कोबीच्या लहान गड्ड्यासारखी वनस्पति दिसली. तीहि उजेड अडवते म्हणून सोडली. टिकलीएवढ्या पानांची जी हिरवी साय पाण्यावर पसरते, तिच्याविषयीं आम्हीं नातवास विशेष बजावलें. कारण ती दोन-तीन दिवसांत दुप्पट होते, आणि एकदां घरांत शिरली कीं भाड्याच्या बिऱ्हाडकरूपेक्षां काढावयास कठीण. अझोल्याची तीच गोष्ट. दुभत्या जनावरांना खाऊं घालण्यासाठीं आपल्या जिल्ह्यांत शेतकरी तो मुद्दाम खड्ड्यांत वाढवतात, आणि तें योग्यच आहे. पण कांचेच्या हौदांत तो छप्पर होऊन बसतो.

आणलीं तीं चार झाडें. पहिलें, लांब फितीसारख्या पातीचें व्हॅलिस्नेरिया. इटलींतील आन्तोनियो व्हालिस्नेरी (१६६१ ते १७३०) या वैद्याच्या नांवावरून हें नांव पडलें. दुसरें हायड्रिला, ज्याच्या पानांची कड बोटाला बारीक करवतीसारखी लागते. तिसरें सेराटोफायलम, याचीं पानें सुईसारखीं आणि टोंकाशीं दुभंगलेलीं असतात, व याला मूळच नसतें. चौथी कांठावरच्या ओलींत पसरलेली जलब्राह्मी. कासच्या पठारावर वायतुरा नांवाची एक सुंदर पाणवनस्पति होते, ती आणतां येईल का, असें नातवानें वाटेंत विचारलें. पण जी वनस्पति साताऱ्याकडच्या मोजक्या पठारांवरच आढळते आणि जिचें तें पठार २०१२ पासून जागतिक वारशांत गणलें जातें, ती उपटून दिवाणखान्यांत आणण्याचा विचारहि करूं नये. आपल्या तळ्यांतलें मूठभर शेवाळ, जें चार दिवसांत भरून निघतें, तेवढ्यावरच आपला अधिकार.

घरीं आल्यावर झाडें एकदम हौदांत घातलीं नाहींत. तीं वाहत्या पाण्याखालीं एक एक पान चोळून धुतलीं. एक जळू निघाली. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, फक्त आमच्याकडे पाहिलें. पानांच्या मागें भिजवलेल्या साबूदाण्यासारखे चिकट ठिपके होते, तीं गोगलगाईंचीं अंडीं. तीं खरवडून काढलीं. नंतर चार लिटर पाण्यांत मोठा चमचाभर तुरटीची पूड विरघळवून त्यांत झाडें तीन तास बुडवलीं, पुन्हां स्वच्छ धुतलीं, आणि व्हरांड्यांत एका टबांत तीन आठवडे वेगळीं ठेवलीं. डांस येऊं नयेत म्हणून टबावर जुनें मलमलीचें धोतर बांधलें. टबांत नातवानें, मोठ्या कष्टानें मन घट्ट करून, तीन गप्पी सोडले. पाण्यांत विषारी औषधाचा अंश असेल तर तो त्यांच्यावर दिसणार होता. गप्पींना महिन्या महिन्याला पिल्लें होतात, त्यामुळें त्याच्याजवळ तोटा नव्हता. तरी त्यानें त्या तिघांना ओळखून ठेवलें होतें.

सहाव्या दिवशीं सकाळीं तो धांवत आला. "आबा, तिनाचे दोन झाले!"

शोध केला तेव्हां हायड्रिलाच्या गुंत्यांत मातकट रंगाचा, सहा पायांचा, इंचभर लांबीचा एक प्राणी निश्चल बसलेला सांपडला. पावसाळ्यानंतर अंगणांत जे चतुर उडतात, त्यांचें हें बाळरूप. चतुर आकाशांत उडण्यापूर्वीं आपलें बाळपण पाण्यांत काढतो, आणि तेव्हां त्याचा खालचा ओठ घडीच्या हातासारखा दुमडलेला असतो. भक्ष्य जवळ आलें कीं तो हात एकदम पुढें फेंकून पकडतो. धुण्यांतून व तुरटींतून सुटलेला हा एकटाच जर मोठ्या हौदांत गेला असता, तर पिल्लें तरी एकहि उरलें नसतें. नातवाच्या डोळ्यांत पाणी होतें. त्यानें तो प्राणी वाटींत घालून आजोबांना नेऊन दाखविला. दादा कुशीवर वळले, चष्मा मागितला, आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "याला मारूं नका. याचा काय अपराध? पण गप्पीचें मात्र वाईट झालें." मग त्यांनीं नातवाचा हात धरून ठेवला. तो चतुर पुढें नाल्याच्या डबक्यांत सोडला. उरलेले दोन गप्पी तीन आठवडे खडखडीत राहिले, आणि मग झाडें हौदांत गेलीं. सूनबाईंनीं स्वतः प्लॅस्टिकचीं झुडपें काढून माळ्यावर टाकलीं.

लावण्यांत विशेष कांहीं नाहीं. धुतलेली नदीची वाळू दोन इंच, व्हॅलिस्नेरियाचा गड्डा वाळूच्या वर राहील अशा बेतानें मुळें खुपसलेलीं, हायड्रिलाचे तुकडे जुडी करून, आणि सेराटोफायलम तसेंच सोडून दिलेलें. दिवा दिवसाचे आठ तास. खत अगदीं नको. माशांच्या विष्ठेंतून व श्वासांतून जें अमोनिया बाहेर पडतें, तेंच या वनस्पतींचें अन्न, आणि माशांना तेंच विष. एकाचें विष तें दुसऱ्याचें जेवण, अशी ही व्यवस्था आहे. मात्र रात्रीं अंधारांत वनस्पतिहि प्राणवायु खर्च करतात, म्हणून हवेचे बुडबुडे सोडणारें यंत्र रात्रीं बंद करूं नये.

पहिल्या पंधरवड्यांत व्हॅलिस्नेरियाचीं जुनीं पानें वितळून गेलीं. दादा पुन्हां भिंतीकडे वळतात कीं काय, ही भीति आम्हांस वाटली. परंतु जागा बदलली, उजेड बदलला कीं ही वनस्पति जुनीं पानें टाकून नव्या पाण्याजोगीं नवीं काढते, हें नातवानें त्यांना समजावून सांगितलें. जलब्राह्मीनें उलट कांहीं कुरकूर केली नाहीं. हवेंत वाढलेली ती वनस्पति पाण्याखालीं तशीच सरळ उभी वाढूं लागली. दादा म्हणाले, "ब्राह्मीच्या संगतीनें मास्तर, आतां तुमच्या माशांना अमरकोश पाठ होईल." चार महिन्यांत त्यांनीं केलेला तो पहिला विनोद.

एक गोष्ट आमच्या नगरच्या भगिनींना विशेष कळण्याजोगी आहे. आपलें विहिरीचें पाणी जड. चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो, डाळ शिजत नाहीं. तसाच पांढरा खरखरीत थर महिन्याभरानें हायड्रिलाच्या पानांवर दिसूं लागला. ही कांहीं कीड नव्हे. या पाणवनस्पति पाण्यांत विरघळलेल्या बायकार्बोनेटांतून आपल्याला लागणारा कार्बन काढून घेतात, आणि मागें राहिलेला चुना पानावर बसतो. ज्या पाण्याला आपण नांवें ठेवतों त्यावरच या पुष्ट होतात. दुकानांतलीं परदेशी नाजुक झाडें येथें कां टिकत नाहींत आणि आपलें शेवाळ कां माजतें, याचा उलगडा त्यामुळें झाला.

फाल्गुनांत व्हॅलिस्नेरियाला फूल आलें. तळाशीं असलेल्या झाडांतून मळसूत्रासारखा पिळलेला, सुतासारखा बारीक देठ निघाला, उलगडत वर आला, आणि त्याच्या टोंकाशीं पाण्याच्या पृष्ठावर पांढरट कणाएवढें फूल उमललें. याचा विवाहविधि फार चमत्कारिक आहे. नर-मादी झाडें वेगळीं असतात. नराचीं फुलें पाण्याखालींच देठापासून सुटतात, बुडबुड्यांसारखीं वर येतात, आणि वाऱ्याबरोबर तरंगत मादीच्या फुलाला जाऊन लागतात. फलधारणा झाली कीं मादीचा देठ पुन्हां पीळ घेऊन फळाला पाण्याखालीं ओढून नेतो. आम्हीं हें दादांना सांगितलें. आमचीं झाडें मात्र एकाच झाडाच्या धांवत्या वेलीवर झालेलीं असावींत, कारण नराचें फूल एकहि दिसलें नाहीं. चार दिवस फूल पाण्यावर वाट पाहून कोमेजलें. दादांनीं चारहि दिवस खुर्ची हौदापाशीं लावून घेतली होती. वहिनी जाऊन नऊ वर्षें झालीं. त्या दिवसांत ते फारसें बोलले नाहींत, आणि आम्हीं बोलविलें नाहीं.

पाण्याच्या कडेला बसून मन रमविण्याची या शहराची चाल जुनी आहे. निजामशाहींतील फराहबाग १५८३ सालीं पुरी झाली. महालाच्या सभोंवतीं विस्तीर्ण जलाशय होता. शहराला व बागांना पाणी खापरी नळांनीं आणलें होतें. आमचा सव्वाशें लिटरांचा जलाशय एका खाटेपुरता आहे, तरी त्याचेहि प्रश्न निघतात, आणि त्यांतला मोठा प्रश्न म्हणजे वाढलेलें शेवाळ टाकावें कोठें. दर पंधरा दिवसांनीं दोन ओंजळी कापून काढावें लागतें. नातवाचा विचार तें व जास्त झालेले मासे एखाद्या तलावांत सोडून यावें असा होता; यांत पुण्य आहे असें त्याला वाटे. या बाबतींत आम्हीं त्याला स्पष्ट नाहीं म्हटलें. इंद्रायणी, मुळा-मुठा व पंचगंगा यांचीं पात्रें झांकून टाकणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेंतली; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती फुलांच्या शोभेसाठीं बंगाल्यांत आली, आणि १९३६ सालीं तिच्या नाशासाठीं तेथें कायदा करावा लागला. उलट आपलें गरीब हायड्रिला १९५० नंतरच्या दशकांत कांचेच्या हौदांसाठींच सिंहलद्वीपांतून अमेरिकेंत फ्लोरिडाला नेलें, तेथें तें कालव्यांत सुटलें, आणि तें काढण्यासाठीं तेथल्या सरकारला अपार पैसा खर्चावा लागत आहे. घरांत आलेलें घरांतच संपवावें. गप्पीहि परदेशीच, ते आम्ही मागणाऱ्या शेजाऱ्यांच्या मुलांना देतों.

कापलेलें शेवाळ मागच्या अंगणांत फरशीवर उन्हांत पसरतों. तें कडकडीत वाळल्यावर चुरून जास्वंदीच्या व कढीलिंबाच्या कुंड्यांत घालतों; एखादा ओला तुकडा गटारांतून पाण्यास लागूं नये म्हणून वाळणें महत्त्वाचें. हें काम आतां दादांनीं आपल्याकडे घेतलें आहे. ते वॉकर धरून अंगणाच्या दारापर्यंत जातात, खुर्चीवर बसून एक एक काडी बोटांनीं मोडून पाहतात, आणि कट् असा आवाज होईपर्यंत ती कुंडींत टाकूं देत नाहींत.